पाळण्यातला दुसरा नारळ

"चावी द्या, वहिनी."

शैला उंबऱ्यात उभी होती. ओले केस तसेच गुंडाळलेले, कपाळावर घाम, हात पुढे केलेला. मी माजघरात फळीवर उताणी पडले होते. चैत्रातली सकाळ, पण कौलं आत्ताच तापायला लागली होती.

"कुठली चावी?" ठाऊक असूनही मी विचारलं.

"देवळातल्या पेटीची. कुंची, शेला, पाळण्याच्या साखळ्या, सगळं त्यातच आहे ना? राम बारा वाजेपर्यंत थांबेल. त्यापुढे नाही थांबायचा."

शैला माझी धाकटी जाऊ. हसतमुख, कामाला वाघ, पण तिच्या कामाला नेमकेपणा म्हणून नसायचा. भाजी चिरली की एक फोड अंगठ्याएवढी, दुसरी नखाएवढी. चादर घातली की एक बाजू जमिनीला टेकलेली. आणि आता तिच्या हाती रामजन्माचा पाळणा द्यायचा होता.

पदराच्या टोकाची गाठ मी हळूहळू सोडली.

"पाळणा कोरड्या फडक्यानं पूस. साखळीची एक कडी उलटी बसते, ती फिरवून घे."

"होय."

"नारळ शेंडीचा घे. डोळे समोर यायला हवेत. आणि कुंचीचा बंद हनुवटीखाली बांध. मानेमागे नको."

"नारळाला हनुवटी कुठली, वहिनी?"

"थट्टा नको. सुंठवड्याची सुंठ वस्त्रगाळ झाली का? गेल्या वर्षी तू चाळलीस तेव्हा..."

"वहिनी," ती खाली बसली आणि माझ्या मुठीतून तिनं चावी अलगद सोडवून घेतली, "राम जन्माला यायचाय. बोर्डाची परीक्षा नाहीये."

गेली.

आमच्या वाडीत राममंदिर आहे, आणि त्याचा नवरात्राचा उत्सव आमच्या घराण्याकडे. नवमीला भर दुपारी कीर्तनात रामाचा जन्म होतो. सभामंडपाच्या तुळईला पाळणा टांगायचा, नारळाला कुंची घालून तोच बाळराम म्हणून पाळण्यात ठेवायचा, वर शेला पांघरायचा. बुवांनी जन्म सांगितला की शेला ओढायचा, गुलाल उधळायचा, दोन सवाष्णींनी पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून बाळाला खालून वरून एकमेकींच्या हाती द्यायचं, आणि मग पाळणा म्हणायचा. हे सगळं सासूबाईंनी माझ्या ओटीत घातलं होतं. "तू करशील म्हणून निर्धास्त आहे हो," एवढंच म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य डोक्यावर घेऊन इतकी वर्षं चालत होते. फुलं मी ओवायची, सुंठवडा मी कुटायचा, शेल्याला मी इस्त्री करायची. बायका मदतीला यायच्या. त्यांनी केलेलं मी त्यांची पाठ वळली की पुन्हा करायची. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या. रोज देवळातून घरी आले की पायांचे खांब झालेले असायचे, आणि भूक मरून गेलेली.

कंबर धरली तीही अशीच. अष्टमीला संध्याकाळी शैलानं सभामंडपात आंब्याचं तोरण बांधलं. एका अंगाला जरा उतरलं होतं. सगळे गेल्यावर मी स्टुलावर चढले, ते सोडायला हात वर केले, आणि कमरेत वीज चमकली. तोरण तसंच राहिलं. माझी हाक ऐकून आलेल्या दोघांनी मला धरून घरी आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, महिनाभर वाकायचं नाही म्हणून सांगितलं.

"तोरण वाकडं होतं ना?" हे माझ्या पायाशी बसून म्हणाले. "आता तू वाकडी झालीस. बरोबरीत सुटलात."

मला हसूही येईना. हसलं की कळ यायची.

शैला गेल्यावर ओटीवरून भार्गवबुवा आत डोकावले. उत्सवाला त्यांचा मुक्काम दरवर्षी आमच्याच घरी असायचा. सत्तरी उलटलेली, आवाज जरासा फाटलेला, पण पगडी चढवून झांज हाती घेतली की माणूस वीतभर उंच व्हायचा. आता मात्र पगडीशिवाय, खांद्यावर पंचा टाकून, गरम पाण्याचं भांडं फुंकत ते दाराशी पाटावर टेकले.

"काय म्हणते कंबर?"

"तिचं काय. माझं चित्त देवळात आहे."

"ते दिसतंच आहे." त्यांनी एक घोट घेतला. "वहिनी, एक विचारू? मी इथे कीर्तनाला यायला लागलो तेव्हा तुमचा श्रीधर रांगत होता. एवढ्या वर्षांत माझं जन्माचं कीर्तन तुम्ही कधी ऐकलंत?"

"हे काय विचारणं! ऐकते की. दरवर्षी."

"कुठून?"

"आतून."

"आतून ऐकू येतो तो आवाज," बुवा म्हणाले. "कीर्तन समोर बसून ऐकायचं असतं."

 त्यांना काय सांगणार? कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन चार चार मैल कीर्तनाला जायचे. मी अगदी पुढे, बुवांच्या पायाशी बसायची. मध्यंतरात बुवांना बुक्का लावला की तोच हात वडील माझ्या कपाळाला पुसायचे, आणि तो वास घेऊन मी झोपी जायची. हे स्थळ सांगून आलं तेव्हा मी मैत्रिणीला म्हटलं होतं, मुलगा कसा का असेना, घरात नऊ दिवस कीर्तन आहे. आणि लग्न होऊन आले त्या वर्षापासून एकही कीर्तन मी धड बसून ऐकलं नव्हतं. कधी फुलं उरायची, कधी दूध नासायचं, कधी कुणी समई चुकीच्या बाजूला ठेवायचं.

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं. "एक गोष्ट चुकली की सगळं नासतं."

"मला नाही कळायचं?" बुवा हसले. "पूर्वी एखादं पद विसरलो, तर आठ दिवस अन्न गोड लागायचं नाही. आता रोजच विसरतो. मग समोरच्या एखाद्या म्हातारीला विचारतो, पुढे काय हो आजीबाई? ती सांगते. चुकीचं सांगते कधी कधी. पण तिचा चेहरा बघा तेव्हा! महिनाभर ती गावाला सांगत फिरते, बुवांचं कीर्तन मी सावरलं." ते उठले. "आज खुर्चीत बसवून आणायला सांगितलंय तुम्हाला. पुढच्या रांगेत. यायचं."

सगळे देवळात गेले. घर रिकामं झालं. खिडकीतून पायवाट दिसत होती, आणि त्या वाटेनं शैला चालली होती. एका हातात फुलांची परडी, दुसऱ्या काखेत नारळ. मी मान उंचावून पाहिलं. नारळ गुळगुळीत दिसत होता. शेंडी नव्हती!

बिनशेंडीचा नारळ पूजेला घेत नाहीत हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी हाक मारली. ती कुठली ऐकायला?

मग मी उठले. कशी उठले ते रामालाच ठाऊक. भिंत धरत कोठीत गेले. झुबकेदार शेंडीचा एक नारळ निवडला. कपाटात श्रीधरची हिरव्या खणाची कुंची होती, जरीच्या काठाची. श्रीधरनंतर शैलाच्या सुहासनंही ती घातली होती. ती नारळाला घातली. डोळे समोर, शेंडी नीट वर, बंद हनुवटीखाली. घामानं मी निथळत होते. झाल्यावर तो नारळ मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. इतकं दमल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. हे एवढं करून पुन्हा देवळात जायचं, पाळण्यातला नारळ बदलायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या. कुणी म्हणालं असतं की आता सगळं संपलं, झोप, तर मी तिथेच आडवी झाले असते.

हे आणि धाकटे भाऊजी खुर्ची घेऊन आले. मी शाल पांघरून तयार होते.

"या उकाड्यात शाल?" भाऊजींनी विचारलं.

"कमरेला वारा लागायला नको."

"कमरेची शाल पोटावर कशी?" हे म्हणाले. पण खुर्ची उचलण्याच्या गडबडीत उत्तर राहून गेलं.

देवळात अजून गर्दी व्हायची होती. बायका मागच्या पडवीत सुंठवडा करत होत्या, शैलाचं खिदळणं ऐकू येत होतं. पाळणा टांगलेला होता, वर शेला. मी पाळण्याजवळ खुर्ची ठेवायला सांगितली.

"जरा दर्शन घेते. तुम्ही व्हा पुढे."

शेल्याखाली हात घातला. गादी, उशी, आणि नारळ नाहीच! विसरली. मी आधीच म्हटलं होतं. शालीतून माझा बाळ काढला, उशीवर निजवला, शेला सारखा केला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. दमून गेलेल्या माणसाला आपल्यावाचून अडतं आहे हे कळल्यावर जसं बरं वाटतं, तसं.

मग मला उचलून पुढच्या रांगेत ठेवलं, बुवांच्या समोर.

कीर्तन सुरू झालं. सुरुवातीला माझे कान पडवीकडेच होते. खलबत्त्याचा आवाज यायचा तसा मी सुंठ किती कुटली गेली त्याचा अंदाज घेत होते. पण बुवा समोर होते. आतून कधीच न दिसलेलं मला दिसायला लागलं. विनोद सांगण्याआधी ते तबलजीकडे हळूच बघत. चिपळी वाजवताना त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वेगळाच ठेका धरी. दशरथाचं दुःख सांगताना ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, जणू मूल नसलेला तो म्हातारा राजाच समोर बसून अवघडला आहे. मध्यंतरात ह्यांनी त्यांना हार घातला, बुक्का लावला. बुवा माझ्यापाशी आले आणि त्यांनी आपलं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. तो वास आला, आणि मी एकदम लहान झाले. वडिलांच्या खांद्यावरच बसले होते जणू. खलबत्ता कधी थांबला ते मला कळलं नाही.

उत्तररंगात यज्ञ झाला. पायस आलं. खांबावरचं घड्याळ बाराकडे सरकायला लागलं आणि बुवांची लय चढली. आणि तेवढ्यात पडवीच्या दारातून शैला आली.

तिच्या हातात लाल कुंचीचं गाठोडं होतं.

ती विसरली नव्हती. बाळाला वेळेवर आणायचं म्हणून तिनं तो नारळ पडवीत ठेवला होता!

मी उठायला गेले. कमरेनं मला खाली ओढलं. हात केला, पण शैलाचं लक्ष बुवांकडे होतं. आवाज द्यावा तर रामजन्माचं पद ऐन रंगात. ती पाळण्याशी पोचली. तिनं शेल्याखाली हात घातला, क्षणभर थांबली, आणि गाठोडं आत सरकवून बाजूला उभी राहिली.

एका पाळण्यात दोन राम. भरल्या सभामंडपात. आणि त्यातला एक मी घातलेला. सासूबाईंचा फोटो सभामंडपाच्या भिंतीवर होता. तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"झाला हो झाला!" बुवांनी हात उंचावले. "बोला, प्रभू रामचंद्र भगवान की जय!"

घंटा, ताशा, गुलाल. सगळे उभे. शैलानं शेला ओढला.

एक लाल कुंची, एक हिरवी. शेजारी शेजारी, दोन्ही गोबरे.

घंटा थांबली. मागून कुणा म्हातारीचा स्वच्छ आवाज आला, "अगो बाई, जुळे झाले!"

हशा पिकला. शैलाचा चेहरा मात्र लाल कुंचीसारखा झाला. तिनं हिरवी कुंची ओळखली होती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मी सोसलं असतं. पण ती आमच्याकडे नवी आली तेव्हा तिची खीर मी चाखून बाजूला सारली होती, त्या दिवशी जशी बघत होती, तशीच बघत होती.

बुवांनी पाळण्याकडे पाहिलं. मग माझ्या शालीकडे. मग त्यांनी चिपळी वाजवली.

"हसता काय मंडळी? दशरथाच्या घरी एकच पाळणा हलला होता का? जरा मागे चला माझ्याबरोबर. पायस वाटायला बसलेत. थोरली कोण?"

"कौसल्यामाई!"

"कौसल्यामाईच्या वाटीत थोरला वाटा. साक्षात नारायण त्या वाटीत. आणि शेजारी सुमित्रा, रिकामी वाटी घेऊन. आता थोरलीच्या मनात येऊ शकलं असतं की नाही? की हा वाटा माझा. माझ्यावर सोपवलाय. यातला घास दिला आणि माझ्या रामात काही उणं राहिलं, तर? बोटं जरा कमी झाली, तर? डोळ्यांत जरा कसर राहिली, तर?"

 बुवांचा आवाज खाली आला. ते गात नव्हते, घरात बोलावं तसं बोलत होते.

"तिनं घास काढला. सुमित्रेच्या हातावर ठेवला. ठेवला म्हणजे सोडला. सुमित्रा तो कसा खाते, सांडते की काय करते, हे बघत बसली नाही. त्या घासाचं काय झालं, बोला?"

"लक्ष्मण!"

"पुढे राम वनात गेला. माय गेली बरोबर?"

"नाही!"

"बाप गेला?"

"नाही!"

"कोण गेलं?"

"लक्ष्मण!"

"जो घास कौसल्येनं स्वतःच्या वाटीतून सोडला, तो गेला. सगळं पायस तिनं एकटीनं खाल्लं असतं ना मायबाप, तर राम झालाच असता. सर्वांगसुंदर झाला असता. पण वनात एकटा गेला असता."

बुवा थांबले. माझ्या डोळ्यांत गुलाल गेला होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"चला," ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडे राम आणि लक्ष्मण एकदमच आलेत. उचला बाळं. सवाष्णी कोण?"

दरवर्षी पहिली मी. देणारीच्या बाजूला. शैला माझ्याकडे बघत उभी होती, आणि भाऊजी माझी खुर्ची उचलायला वाकले होते.

"मला राहू दे," मी म्हटलं. "शैला, तू दे. पलीकडून कुणालाही घेऊ दे."

"मी देऊ?"

"आणि हिरव्याला आधी नको. आधी तुझा."

तिनं लाल कुंची उचलली. बंद मानेमागे बांधला होता. पाळण्याखालून देताना कुंची एका डोळ्यावर आली. पलीकडच्या बाईनं ती घेतली, नीट केली नाही, तशीच वरून परत दिली. वर तुळईला ते तोरण अजून एका अंगाला उतरलेलं होतं. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, दोघी सुरात, बाकीच्या कशाही. मी खुर्चीत मागे टेकले. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत मी तो ऐकला.

दुपारी घरी मी फळीवर पडले होते. शैला वाटीत सुंठवडा घेऊन आली. मी चिमूट तोंडात टाकली आणि घशातून जाळ गेला.

"तिखट झालाय ना?" तिनं विचारलं.

"झालाय."

ती खाली बघत बसली.

"आणखी थोडा दे," मी म्हटलं.

तिनं दिला. मग म्हणाली, "वहिनी, शेल्याखाली हात घातला ना, तेव्हाच कळलं होतं मला. हाताला शेंडी लागली."

"मग काढला का नाहीस?"

"तुमचा काढावा तर तुम्ही समोर बसलेल्या." ती वाटीतली पूड बोटानं एका कडेला सारत होती. "माझा परत न्यावा, तर... म्हटलं, एक वर्ष माझाही राहू दे."

 मी भलतंच विचारलं. "पण शेंडी नव्हती त्याला."

"होती की. कुंची वर उचलली जाते शेंडीनं. मी ती पाण्यात भिजवून खाली चापून बसवली होती. तुम्ही लांबून बघितलंत."

इतकी वर्षं माझ्या बाळाची कुंची वर उचललेली असायची. मला ते कधी सुचलं नव्हतं.

तिनं पेटीची चावी काढली आणि माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, गाठ मारायला. मी पदर ओढून घेतला आणि कुशीवर वळले.

"तुझ्याकडेच ठेव. मला झोप आलीय गं."

त्या दुपारी मी जेवायलासुद्धा उठले नाही. उत्सवात मला अशी झोप कधी लागली नव्हती.

भार्गवबुवा आता नाहीत. त्यांच्या सूनबाई कीर्तनाला येतात. आमच्या रामाच्या पाळण्यात अजूनही दोन नारळ असतात, एक लाल, एक हिरवा. नव्या माणसानं विचारलं की शैला सांगते, आमच्याकडे जुळे. दोन्ही कुंच्या तीच घालते, शेंडी भिजवून. बंद मात्र ती मानेमागेच बांधते. मी पुढच्या रांगेत असते.